राखेत काही नव्हतं

विद्युतदाहिनीत भट्टी सांभाळणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना सबुरीकाका म्हणत. रडत, भांडत, घाईघाईत आलेल्या लोकांना ते एकच गोष्ट सांगायचे, "सबुरीनं घ्या. आता आतल्या माणसाला कुठे वेळेवर पोचायचं नाहीये." शब्द कुणालाही टोचावेत असेच, पण सांगायचा आवाज असा की तावातावानं आलेला माणूससुद्धा बाकावर टेकायचा आणि रुमाल शोधायचा.

बावीस वर्षं ते हे काम करत आले होते. आच विझली की ट्रे निवू द्यायचा, लांब दांड्याच्या खोऱ्यानं सगळं पुढे ओढायचं, लोहचुंबक फिरवून खिळे आणि सांध्यात बसवलेले स्क्रू वेचायचे आणि उरलेली हाडं चक्कीत टाकायची. चक्की म्हणजे कोपऱ्यातलं पोलादी पिंप, आत फिरणारी पाती. दीड मिनिटात हाडांचं पीठ व्हायचं. घरच्यांच्या हाती जायचं ते हे पीठ. बहुतेकांना वाटायचं की माणूस जळला की आपोआप असाच होतो. सबुरीकाकांनी कधी कुणाचा तो समज मोडला नाही. कशाला मोडायचा?

एका दुपारी विहारातल्या धाकट्या आर्याजी त्यांना भेटायला आल्या. पंचेचाळिशीच्या, डोकं भादरलेलं, चीवर धुऊन धुऊन विटलेलं. बरोबर दोन म्हातारे उपासक. त्यांच्या गुरू, थोरल्या आर्याजी, त्या पहाटे गेल्या होत्या. वय शहाऐंशी. त्यातली बावन्न वर्षं भिक्खुणी म्हणून गेलेली.

"उद्या सकाळी आणू," धाकट्या आर्याजी म्हणाल्या. "एक विनंती आहे. अस्थी दळू नका. खोरंही लावू नका. ट्रे जसा आहे तसा निवू द्या. संध्याकाळी आम्ही येऊ आणि हातानं वेचू."

"वेचू म्हणजे?"

बरोबरच्या उपासकांपैकी एकजण, मोठ्या कानांचे, पुढे सरसावून म्हणाले, "धातू सापडतात हो! थोर साधकांच्या राखेत मण्यांसारखे कण मिळतात. पलीकडच्या विहारातल्या भंतेंचे सापडले, ते काचेच्या पेटीत ठेवलेत. लांबून लोक येतात पाहायला."

"सापडतातच असं नाही," धाकट्या आर्याजी हळूच म्हणाल्या. "पण शोधायचे असतात."

"काळजी सोडा," सबुरीकाका म्हणाले. "माझा शब्द." आणि त्यांच्यासमोरच एका कागदावर ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं, 'दळायचं नाही', आणि तो भट्टीच्या दाराशेजारी चिकटवला.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळं एकदमच अंगावर आलं. दोन भट्ट्यांपैकी एक सकाळीच बंद पडली. बाहेर दोन कुटुंबं ताटकळत बसलेली. त्यातल्या एकाचा जावई दर दहा मिनिटांनी आत डोकावून "अजून किती?" विचारत होता. ऑफिसातल्या साहेबांनी दोनदा निरोप धाडला. आणि घरचं वेगळंच. काकूंच्या डोळ्यातला मोतीबिंदू आदल्या दिवशी काढलेला, पट्टी दुपारी एकला निघायची होती. काकूंनी बजावून ठेवलं होतं, "तुम्ही समोर असाल तरच मी पट्टी काढू देईन. उघडल्या डोळ्याला पहिल्यांदा काय दिसणार, ते मी ठरवलंय." छत्तीस वर्षांच्या संसारात बाईनं असलं लाडाचं वाक्य तीनदासुद्धा म्हटलं नसेल. काकांना त्या दिवशी जायचंच होतं.

म्हणून ट्रे पुरता निवायच्या आत त्यांनी बाहेर ओढला. हाडांमध्ये काहीतरी चमकल्यासारखं झालं. वाकून पाहिलं तर तिळाएवढे, काही मोहरीएवढे कण, मधाच्या रंगाचे, सातआठ तरी असतील. काकांच्या मनात आलं, चष्म्याची काच वितळली असेल. तेवढ्यात फोन वाजला. काकूच होत्या. "निघालात का?" फोन कानाशी धरून त्यांनी "हो, निघतोच" म्हटलं, आणि एका हातानं खोरं ओढलं, चुंबक फिरवलं, चक्कीचं झाकण लावलं. बावीस वर्षांत हात शहाणे झाले होते. त्यांना डोक्याची गरज उरली नव्हती.

चक्की थांबली, फोन खिशात गेला आणि नजर भिंतीवर गेली. 'दळायचं नाही.' अक्षर त्यांचं स्वतःचं.

झाकण उघडून त्यांनी आत हात घातला. ऊन ऊन, मऊ पीठ. मणी नाही, तुकडा नाही, काही नाही. डोकं भादरलेल्या शहाऐंशी वर्षांच्या म्हातारीला, चीवराशिवाय अंगावर काहीही नसताना, चष्मा घालून भट्टीत कोण ठेवेल, हा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरला.

ते दवाखान्यात वेळेवर पोचले. काकूंची पट्टी निघाली. काकूंनी डोळा किलकिला करत त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही एवढे पांढरेफटक पडलाय? की माझ्या जुन्या डोळ्यालाच रंग दिसायचे?" काका हसले. हसण्याशिवाय काय करणार होते?

संध्याकाळी विहाराचे लोक आले. चाळीस जण असतील. पांढरी चादर, फुलं, उथळ काशाची थाळी, बारीक चिमटे. अस्थी देण्याच्या खोलीत ते ओळीनं खाली बसले. सबुरीकाकांनी कलश आणून थाळीशेजारी ठेवला. सांगायचं होतं ते त्यांनी वाटेत घोकलं होतं: चूक झाली, माझ्या हातून दळलं गेलं, मणी होते, मी पाहिले. पण चाळीस तोंडं आपल्याकडे वळलेली पाहिली आणि घोकलेलं सगळं राहून गेलं. नोकरीला तीन वर्षं उरली होती. कबूल केलं तर साहेब काय करतील, हेही डोळ्यांपुढून गेलं.

"हाडं फार ठिसूळ झाली होती," ते म्हणाले. "वयच तेवढं. ओढताना आपोआप भुगा झाला."

"आणि धातू?" मोठ्या कानांच्या उपासकांनी विचारलं.

"मी स्वतः नीट पाहिलं," सबुरीकाका म्हणाले. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही उगाच नाही. "राखेत काही नव्हतं."

धाकट्या आर्याजींनी कलशातली चिमूटभर राख घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळली. काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि हात जोडले. चिमटे पुन्हा कापडात गुंडाळले गेले.

काकांना वाटलं, सुटलो. राख ती राख. मणी काय आणि पीठ काय, माणूस तर गेलाच.

पण 'काही नव्हतं' हे दोन शब्द त्या खोलीतून बाहेर पडले आणि पाय फुटल्यासारखे गावभर फिरले. फाटकाशी फुलं विकणाऱ्या बाईकडून काकांना बातम्या कळायच्या, कारण तिच्याकडे सगळ्यांचंच जाणंयेणं. "बावन्न वर्षं साधना केली आणि निघालं काय? शून्य," असं कुणी म्हणालं. "पलीकडच्या भंतेंचे कसे वाटीभर निघाले!" असं कुणी. आणि मग लोकांना जुनं जुनं आठवू लागलं. चौतिसाव्या वर्षी भिक्खुणी झाली तेव्हा घरात सहा वर्षांची मुलगी सोडून आली होती म्हणे. जी पोटच्या पोरीची झाली नाही, तिचे धातू कसे निघतील? थोरल्या आर्याजी जिवंत असताना ज्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांचीच ही तोंडं. त्यांचे धातू ठेवायला विहारात बांधायला घेतलेल्या स्तूपाचा चौथरा गुडघाभर उंच झाला होता, तो तसाच थांबला. लोक यायचे कमी झाले, मग बरेच जण यायचेच बंद झाले.

सबुरीकाका एकदा तिकडे जाऊन आले. फाटकाच्या बाहेरूनच. चौथऱ्याच्या दगडांमधून गवत वर आलं होतं, आणि धाकट्या आर्याजी एकट्याच अंगण झाडत होत्या. काका मागे वळले. सांगेन, उद्या सांगेन, असं करता करता तीन वर्षांत नोकरी संपली आणि निवृत्तीनंतर आणखी चार वर्षं गेली. आता कुणी साहेब नव्हता, भीती कशाची होती तेही सांगता आलं नसतं. गोष्ट नासत गेली की तिला हात लावायची किळस येते, तसं काहीतरी.

शेवटी एका सकाळी चहा घेताना, दुसरंच काहीतरी चाललेलं असताना, त्यांनी ते काकूंना सांगितलं. काकूंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे सात वर्षं हे माझ्या डोळ्याच्या नावावर खपवताय?"

"तसं नाही गं. घाई झाली—"

"घाईत दळलंत, ते माझ्या खात्यावर टाका, चालेल. पण खोटं बोललात तेव्हा माझी पट्टी निघून चार तास झाले होते. तेव्हा कुणाची घाई होती?" त्यांनी कप उचलून मोरीत नेऊन ठेवला आणि तिथूनच म्हणाल्या, "माझा डोळा उघडला आणि तुम्ही तुमचे मिटून घेतलेत. चप्पल घाला आणि जा."

काका गेले. विहारात तेव्हा तीन शिकाऊ भिक्खुणी तेवढ्या उरल्या होत्या. धाकट्या आर्याजींनी त्यांना ओसरीवर बसवलं. काकांनी सगळं सांगितलं: फोन, खोरं, मधाच्या रंगाचे कण, चक्की. आर्याजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्या अस्थी मी हातानं वेचल्यात. दळलेली राख बोटांना कळते."

काकांना धड बसताही येईना. "मग बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं, तुमची नोकरी जाईल. ते खरंही होतं. पण तेवढंच नव्हतं." त्या अंगणाकडे बघत होत्या. "मला वाटलं, धातूंची आसक्ती ती काय धरायची? थोरल्या आर्याजींनी आयुष्यभर हेच सांगितलं की शरीर आपलं नाही. मग त्यांच्या हाडांसाठी मी भांडू? मी गप्प बसले आणि स्वतःवर खूश झाले. केवढी मी स्थिर, केवढी शांत! बाहेर लोक त्यांच्यावर चिखल उडवत होते आणि मी त्याला उपेक्षाभाव, मनाचा समतोल, म्हणत होते. काका, तो गर्व होता. तुम्ही खोटं बोललात, मी खरं बोलले नाही. आपण दोघांनी मिळून केलंय हे."

"मग धातूंना अर्थ आहे तरी काय? असले काय, नसले काय?"

"ज्यांनी सांगितलं सगळं नाशवंत आहे, त्या बुद्धांच्याच अस्थींसाठी राजे सैन्य घेऊन आले होते. शेवटी आठ वाटे करावे लागले. माणसाचं असंच असतं. गेलेल्याला त्यांचा काही उपयोग नाही. मागे राहिलेल्याला मात्र हात जोडायला काहीतरी समोर लागतं. ते बघून आठवतं की असं कुणीतरी खरंच जगून गेलं, म्हणजे आपल्यालाही जमेल. एवढाच अर्थ. पण तो एवढासा नाही." त्या काकांकडे वळल्या. "आणि दळल्यानं ते गेले नव्हते हो. त्या पिठातच होते. तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत तर आम्ही ते पीठ जपलं असतं. दळल्यानं नाही गेले. 'नव्हते' म्हटल्यानं गेले."

"ते पीठ कुठाय?" काकांनी एकदम आशेनं विचारलं.

"तिसऱ्या दिवशी नदीत सोडलं. धातू नाहीत तर ठेवायचं कशाला, असं लोकांचं मत पडलं. मी नाही म्हटलं नाही."

मग त्यांनी मुलीची गोष्ट सांगितली. थोरल्या आर्याजींची सोडलेली मुलगी त्याच वर्षी एकदा आली होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई. आईला कधी भेटायला आली नव्हती, बोलावणं गेलं तरी आली नव्हती. उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "ऐकलं ते खरं का? काहीच निघालं नाही?" धाकट्या आर्याजी गप्प राहिल्या. त्या बाईंनी मान हलवली. "म्हणजे मला टाकून गेली ती कशासाठीच नाही," एवढं बोलून त्या निघून गेल्या.

काकांना वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. झालं उलटंच. त्यांनी पत्ता मागून घेतला.

मुलगी बसनं पाच तासांवरच्या गावात राहायची. पडदे शिवायचं दुकान होतं तिचं. आता पासष्टची, केस पांढरे, गळ्यात मापाची फीत. काका आत शिरले तेव्हा ती एका लांबलचक निळ्या कापडाला घड्या घालत होती. "खिडकीचं माप आणलंय का?" तिनं वर न बघता विचारलं.

काकांनी ओळख दिली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. 

"रंग काय म्हणालात?"

"मधासारखा. काही जरा फिके."

"आणि किती?"

"सातआठ. जास्तही असतील. मी नीट मोजले नाहीत."

"मोजले नाहीत," ती म्हणाली. मग तिनं एकदम विचारलं, "हातात घेतले होते?"

"नाही."

"तुम्हीसुद्धा नाही." ती खुर्चीवर बसली. "मी सात वर्षं तिला शिव्या घालतेय. आधीची बावन्न वेगळीच. पण त्या वर्षांत निदान असं वाटायचं की मला सोडलं खरं, पण काहीतरी मोठं मिळवत असेल. रागालाही टेकायला भिंत लागते हो. तुम्ही ती पाडलीत." ती रडली नाही. फितीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तसं काही माझ्या आत नाहीये."

"मी ते मागायला आलोच नाही."

"मग इथे कशाला आलात? मी त्या खोलीत नव्हते. चाळीस जणांसमोर बोललात ना? मग त्यांच्यासमोर जाऊन बोला." तिनं पुन्हा कापड उचललं. काका दारापर्यंत गेले तेव्हा ती मागून म्हणाली, "झालं की कळवा."

पुढच्या पौर्णिमेला धाकट्या आर्याजींनी सगळ्यांना निरोप पाठवले. अकरा जण आले. सबुरीकाका उभे राहिले आणि बोलले. त्यानंतर धाकट्या आर्याजीही उभ्या राहिल्या आणि आपला गर्व त्यांनी त्याच शब्दांत सांगितला. काकांना वाटलं होतं, कुणी अंगावर येईल, कुणी रडेल. तसं काही झालं नाही. मोठ्या कानांचे उपासक एवढंच म्हणाले, "आता तुम्ही म्हणताय होते. तेव्हा म्हणालात नव्हते. आम्ही कुठलं धरायचं?" एकजण कुजबुजला की विहार चालेना म्हणून हे काढलं असेल. खोट्यावर विश्वास बसायला एक क्षण पुरला होता, खऱ्याला पुरावा हवा होता आणि पुरावा नदीत गेला होता. दोघी बायका तेवढ्या चौथऱ्यापाशी जाऊन हात जोडून आल्या.

काकांनी मुलीला फोन करून सांगितलं.

"किती जण होते?"

"अकरा."

"मग उरलेले एकोणतीस?" आणि फोन ठेवला गेला.

तेव्हापासून सबुरीकाका घरोघर जायला लागले. पत्ते धाकट्या आर्याजी शोधून द्यायच्या. काकू डबा भरून द्यायच्या आणि टोमणाही, "उपाशीपोटी खरं बोलू नका, चक्कर येईल." काही जणांनी दारातूनच वाटेला लावलं. काही जणांना थोरल्या आर्याजी नीट आठवतही नव्हत्या. एका घरात त्यांना चहा मिळाला आणि वर ऐकावं लागलं, "सोडा हो, एवढं काय त्यात!" ते त्यांना सगळ्यात जड गेलं. सहा जण वारलेच होते. त्यातल्या चौघांना जाळणारे काकाच होते.

शेवटचं घर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. ऐंशी पार केलेली एक म्हातारी खाटेवर बसून होती. सून कामावर गेलेली. म्हातारीला ऐकू कमी यायचं.

"आजी, मी दाहिनीतला!" काका म्हणाले.

"आत्ताच? अजून वेळ आहे की मला!"

"तसं नाही! थोरल्या आर्याजींच्या राखेत मणी होते! मी खोटं बोललो!"

"काय केलं?"

"खोटं बोललो!" काका गळा फाडून ओरडले. समोरच्या घराचं दार उघडलं, खालच्या मजल्यावर कुणीतरी जिन्यात येऊन थांबलं. काकांना आता कशाचीच पर्वा नव्हती. "धातू होते! मी ते दळले! आणि नव्हते म्हणून सांगितलं!"

म्हातारीला ते पोचलं. तिच्या तोंडाची हालचाल थांबली. तिनं चादरीच्या कडेला चाचपून चष्मा शोधला, तो डोळ्यांवर लावला आणि काकांकडे निरखून पाहिलं.

"मी जायचं सोडलं रे," ती म्हणाली. "तीस वर्षं जात होते. माझा नवरा गेला तेव्हा ती बाई माझ्या शेजारी नऊ दिवस बसली होती, एक अक्षर न बोलता. आणि लोक म्हणाले काही निघालं नाही, तर मला वाटलं, हे सगळं नाटकच असणार. तिची आठवण आली तरी मी तोंड फिरवायची." तिचे डोळे भरून आले. "ते नऊ दिवस तर मी स्वतः पाहिले होते ना? मला मण्यांची काय गरज होती? सांग की!"

समोरचं दार हळूच लागलं. काकांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि म्हातारीच्या खाटेशेजारी बसले. सून कामावरून येईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.